नंबर लावा, पण तो कसा लावला तेही दाखवा: पॉप चार्टवाल्यांना खुलं पत्र

अमेरिकेतलं बिलबोर्ड, ब्रिटनची ऑफिशियल चार्ट्स कंपनी आणि तुमचं बघून दर आठवड्याला टॉप फिफ्टी टॉप हंड्रेड काढणारे बाकी सगळे,

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, तुमच्या याद्या मी अगदी मन लावून वाचते. शुक्रवारी नवीन गाणी येतात, मग आठवडाभर लोक ऐकतात, आणि पुढच्या मंगळवारी बिलबोर्डचा हॉट १००, म्हणजे शंभर गाण्यांची मुख्य यादी, लागतो, ब्रिटनवाल्यांचा त्याच्या आधीच शुक्रवारी लागलेला असतो. माझ्यासारखी क्वीअर पॉप, म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स वगैरे कलाकारांचं पॉप, ऐकणारी बरीच मंडळी या दोन वारांवर आठवडा मोजतात, हसू नका, खरं सांगतेय. आपल्या आवडत्या लेस्बियन गायिकेचं गाणं ७७ व्या नंबरावर आलं तरी ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज फिरतात आणि तेच पुढच्या आठवड्यात ८३ वर गेलं की घरातलं कुणी आजारी पडल्यासारखी चौकशी चालू होते. म्हणून हे पत्र तुमच्या विरोधातल्या माणसाचं नाहीये, तुमच्या गिऱ्हाइकाचं आहे असं समजा, आणि गिऱ्हाईक जरा जास्त बोलतं हे तर तुम्हाला माहितीच आहे.

आधी चांगलं बोलून घेते. तुमच्या आकड्याने आमच्या लोकांवर एक मोठा उपकार केलाय आणि तो नव्या मुलांना माहीतसुद्धा नसतो. १९८४ चा जानेवारी, ब्रिटन, फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडचं 'रिलॅक्स'. बँडमधले हॉली जॉन्सन आणि पॉल रदरफोर्ड दोघंही उघडपणे गे, त्या काळात, जेव्हा बाकीचे मुलाखतीत हा विषय निघाला की पाणी प्यायला लागायचे. गाणं टॉप टेनमध्ये पोचलेलं असताना बीबीसीच्या रेडिओ वनवरच्या माइक रीड नावाच्या निवेदकाला त्यातले शब्द आणि रेकॉर्डचं कव्हर अश्लील वाटलं आणि त्याने ते वाजवायचंच बंद केलं, मागोमाग बीबीसीनेही बंदी घातली. आणि झालं काय, तर गाणं सरळ एक नंबरला जाऊन पाच आठवडे ठाण मांडून बसलं! म्हणजे बीबीसीच्या टीव्हीवर दर आठवड्याला चार्टचा कार्यक्रम, शेवटी एक नंबरचं गाणं दाखवायची पद्धत, आणि नेमकं तेच गाणं दाखवता येत नाही. सगळ्या देशाला माहीत की एक नंबर कोण आहे आणि कार्यक्रमात मात्र तिथे भोकच. मला हे चित्र फार आवडतं. कारण त्या पाच आठवड्यांत चार्टने कुणाचंही मत विचारलं नाही, दुकानात किती रेकॉर्ड खपल्या एवढंच मोजलं आणि मोकळा झाला.

त्याच्या सहा वर्षं आधी टॉम रॉबिन्सन बँडचं 'ग्लॅड टू बी गे' होतं. ज्या रेकॉर्डवर ते गाणं होतं ती १९७८ मध्ये ब्रिटनच्या चार्टवर १८ व्या नंबरापर्यंत गेली, आणि बीबीसीने चार्टच्या कार्यक्रमात त्या रेकॉर्डवरचं दुसरंच गाणं वाजवलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय. पण १८ हा आकडा लपवता आला नाही, तो छापला गेला आणि आज मी तो तुम्हाला सांगतेय.

तर माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते इथेच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना पाणी कुठे मुरतंय ते शोधत बसायला नको. तुम्ही जेव्हा लोकांनी काय केलं ते मोजता तेव्हा तुमच्याएवढे आमच्या कामाचे कुणी नाहीत. तुम्ही जेव्हा कोण कुठे बसतं ते ठरवायला लागता तेव्हा गडबड होते. आणि हल्ली मोजणं आणि ठरवणं यांची तुम्ही अशी काही मिसळ करून ठेवलीय की बाहेरच्या माणसाला यातलं काय कुठलं ते कळतच नाही.

ठरवण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तर तुम्हाला पाठच असेल. २०१९ च्या मार्चमध्ये बिलबोर्डने लिल नॅस एक्स या रॅपरचं 'ओल्ड टाऊन रोड' कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांकडच्या वळणाच्या, गाण्यांच्या मुख्य यादीतून काढून टाकलं, कारण काय दिलं तर त्यात आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे गुण नाहीत. तेव्हा तो भांडणाचा विषय त्याच्या काळ्या असण्याचा होता, गे असण्याचा नव्हता, कारण ते तोवर कुणाला माहीतच नव्हतं, ही गोष्ट मी मुद्दाम सरळ सांगते. पण बघा ना पुढे काय झालं. कंट्रीच्या यादीतून काढलेलं ते गाणं हॉट १०० वर १९ आठवडे एक नंबरला राहिलं, आणि ते तिथे बसलेलं असतानाच, ३० जूनला, प्राइडच्या, म्हणजे एलजीबीटी लोकांच्या अभिमानाच्या, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, पोराने सांगून टाकलं की मी गे आहे. एक नंबरवर असताना! करिअर संपल्यावर किंवा एखाद्या पेपरने पकडल्यावर नाही. जिथे तुम्ही नुसतं मोजत होतात तिथे तो सगळ्यात वर होता आणि जिथे तुम्ही ठरवत होतात तिथे तो यादीतच नव्हता. सहा वर्षांनी, २०२५ च्या मार्चमध्ये, चॅपल रोन या लेस्बियन गायिकेचं 'द गिव्हर' आलं, एका बाईने दुसऱ्या बाईसाठी गायलेलं कंट्री गाणं, आणि ते त्याच कंट्रीच्या यादीत आल्या आल्या एक नंबर. चांगलं झालं. पण मला अजूनही कळलेलं नाही की ते पुरेसे गुण कोण मोजतं आणि कशाने मोजतं.

आता मोजण्याकडे येते, कारण खरी मजा तिथेच आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही आता दुकानदाराला फोन करून विचारत नाही, सगळं डेटावर चालतं. मान्य. फोनवरून विचारायचे ते दिवस किती वाईट होते तेही माहितीये. अमेरिकेत १९९१ पर्यंत दुकानांचे लोक तोंडी सांगायचे की काय खपतंय, मग बारकोडवरून मोजणारी साउंडस्कॅन आली आणि रातोरात पितळ उघडं पडलं, जे रॅप आणि कंट्री मागच्या ओळीत दिसत होतं ते धडाधड वर आलं. लोकांची आवड त्या एका आठवड्यात बदलली नव्हती, मोजपट्टी बदलली होती. त्या आधीच्या वर्षांमध्ये गे बारमध्ये खपणाऱ्या, लेस्बियन बायकांनी हातोहात विकलेल्या किती रेकॉर्ड काउंटरवरच्या माणसाने "हे काय सांगायचं" म्हणून सोडून दिल्या असतील हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, त्याचा हिशोब आता कुणीच देऊ शकत नाही.

पण डेटा आला म्हणून ठरवणं थांबलं असं थोडंच आहे. २०१८ मध्ये बिलबोर्डने ठरवलं की पैसे भरून ऐकणाऱ्याचं एक स्ट्रीम, म्हणजे ॲपवर एकदा गाणं ऐकणं, म्हणजे पूर्ण एक पॉइंट आणि जाहिराती ऐकत फुकट ऐकणाऱ्याचं म्हणजे दोन तृतीयांश. ब्रिटनमध्ये तर फरक आणखी मोठा केलात, १०० पैसेवाली स्ट्रीम म्हणजे एक विक्री आणि फुकटवाली असतील तर त्याच एका विक्रीला ६०० लागतात. प्रमाण पुढेमागे होत राहतं पण फुकटचा कान स्वस्त हे तत्त्व काही हलत नाही. धंद्याच्या बाजूने बघितलं तर बरोबरही असेल, पैसा जिथून येतो त्याला वजन जास्त, कुणी नाही म्हणतंय. पण एकदा बघा तरी हा फुकटचा कान कुणाचा असतो. सोळा सतरा वर्षांची पोर, घरात कुणाला माहीत नाही, पैसे भरलेलं अकाउंट आहे पण ते बापाच्या फोनवर आणि हॉलमधल्या स्पीकरला जोडलेलं, त्यावर 'नुकतंच ऐकलेलं' म्हणून मोठ्ठं कव्हर दिसतं. ती तिथे गर्ल इन रेडसारख्या क्वीअर गायिकेचं गाणं लावणार आहे का? ती आपल्या फोनवर दुसरं फुकटचं अकाउंट काढते, इअरफोन घालते, मध्ये मध्ये जाहिराती ऐकते, आणि तेच एक गाणं रात्री वीस वेळा ऐकते. तिच्याइतकं त्या गाण्यावर प्रेम करणारं जगात कुणी नसेल आणि ब्रिटनच्या हिशोबात तिची वीस वेळा म्हणजे पैसेवाल्याची साडेतीन वेळासुद्धा होत नाहीत. असल्या पोरी किती आहेत ते मोजायचं साधन माझ्याकडे नाही, पण तुमच्याकडे फुकट आणि पैसेवाले वेगवेगळे आकडे आहेत ना, प्रत्येक गाण्याचे आहेत, मग दाखवा की.

बरं, दुसरी गोष्ट वेळेची. तुमचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार, आणि सगळी बाजी पहिल्या आठवड्यावर. ज्याचे चाहते तयार आहेत तो पहिल्या शुक्रवारीच वर बसतो, मग घसरत जातो. क्वीअर पॉप बऱ्याचदा उलटं चालतं. केहलानी या क्वीअर कलाकाराचं 'फोल्डेड' २०२५ च्या जूनमध्ये आलं आणि हॉट १०० च्या टॉप टेनमध्ये पोचायला त्याला महिने लागले. चॅपल रोनचं 'गुड लक, बेब!' तर मी वर म्हणलं त्या ७७ व्या नंबरावरच सुरू झालं होतं, २०२४ च्या एप्रिलमध्ये, आणि चढत चढत त्याच वर्षी चौथ्या नंबरापर्यंत गेलं. मधल्या काळात तिने फेस्टिवलमागून फेस्टिवल केले आणि प्रत्येक ठिकाणी आधीपेक्षा मोठी गर्दी. तिचा अल्बम सप्टेंबर २०२३ मध्ये आला होता, तेव्हा चार्टवर त्याची कुणी दखल घेतली नाही, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेत दुसरा आणि ब्रिटनमध्ये पहिला. पहिल्या आठवड्याच्या आकड्यावरून फ्लॉप ठरवलं असतं तर गेलीच होती की बिचारी. खरं तर एकदा ठरवलंही होतंच, तिच्या आधीच्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, २०२० मध्ये तिला सोडून दिलं.

आणि हे २०२० वरून मला माझी सगळ्यात मोठी तक्रार आठवली, ती आता जरा सविस्तर सांगते, कंटाळू नका.

बिलबोर्डकडे एक यादी होती, डान्स क्लबची. सत्तरच्या दशकात डिस्कोच्या जमान्यात सुरू झालेली. तिची गंमत ही की ती विक्रीवर नव्हती आणि रेडिओवर पण नव्हती, क्लबमधले डीजे कळवायचे की आमच्या फ्लोअरवर कशाला लोक नाचले. आता डान्स फ्लोअर म्हणजे कुणाचं घर हे काय मी तुम्हाला सांगायचं? सिल्व्हेस्टर, काळा, गे, मेकअप आणि झगमगीत कपडे घालून वरच्या पट्टीत गाणारा माणूस, १९७८ मध्ये त्याचं 'यू मेक मी फील' त्या डान्सच्या यादीत एक नंबरला गेलं. हॉट १०० वर तेच गाणं ३६ च्या वर चढू शकलं नाही. एकच गाणं, एकच देश, आणि दोन याद्यांमध्ये पस्तीस नंबरांचं अंतर. ते अंतर म्हणजेच त्या काळाचा इतिहास आहे की नाही सांगा. क्लबमध्ये त्याला कुणी अडवणारं नव्हतं आणि बाहेर पडलं की रेडिओवाला दारात उभा. फक्त हॉट १०० छापला असता तर आपल्याला वाटलं असतं ठीकठाक गाणं होतं, बऱ्यापैकी चाललं. दुसरी यादी होती म्हणून कळलं की एका अख्ख्या जमातीचं ते एक नंबरचं गाणं होतं.

ती यादी तुम्ही मार्च २०२० मध्ये थांबवलीत. कारण बरोबर होतं, साथ आली, क्लब बंद झाले, डीजे कळवणार काय डोंबल. मी त्याला नावं ठेवत नाही. पण पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०२० मध्ये, काय आलं आठवतंय? चॅपल रोनचं 'पिंक पोनी क्लब'. एका लहान गावच्या मुलीने लॉस एंजेलिसला जाऊन गे क्लबमध्ये नाचायचं आणि आईने ते बघून हबकून जायचं, असं गाणं. क्लबवर लिहिलेलं गाणं, आणि ते आलं तेव्हा जगातला एकही क्लब धड उघडा नव्हता आणि क्लबमध्ये काय वाजतंय ते मोजणारी एकमेव मोठी यादी पण नुकतीच बंद पडलेली. नशीब तरी किती खवचट असावं. लेबलने सोडलं, ती घरी मिझुरीला परत गेली. मग क्लब उघडले आणि ते गाणं कुणाच्याही परवानगीशिवाय ड्रॅगच्या स्टेजवर, कॅरिओकेत, लग्नांच्या शेवटच्या गाण्यात शिरत गेलं. आणि मार्च २०२५ मध्ये, म्हणजे आल्यावर जवळजवळ पाच वर्षांनी, ब्रिटनमध्ये एक नंबर झालं, अमेरिकेत चौथं.

मधली ती वर्षं तुमच्या कागदावर जवळपास कोरी आहेत. गाणं जिवंत होतं, हजारो लोक त्यावर रात्री दोन वाजता घसा फोडून ओरडत होते, पण ती नोंद कुठेच नाही. क्लब उघडून आता वर्षं झाली, मग डीजेंना परत विचारायला कधी सुरुवात करणार? जुनी पद्धत भोंगळ होती म्हणाल, डीजे रेकॉर्ड कंपन्यांच्या दबावाखाली कळवायचे म्हणाल, असेलही. आता तर अर्धे डीजे लॅपटॉपवरून वाजवतात, काय वाजलं त्याची यादी मशीनमध्येच असते, तोंडी विचारायची पण गरज नाही. इच्छा असेल तर मार्ग आहे, बाकी मग कारणं शंभर मिळतात.

रेडिओचा विषय पण याच वळणावरचा आहे. हॉट १०० मध्ये स्ट्रीमिंग, विक्री आणि रेडिओ असं तिन्ही मिळून एक आकडा होतो, ब्रिटनच्या चार्टमध्ये रेडिओ धरतच नाहीत. 'पिंक पोनी क्लब' ब्रिटनमध्ये पहिलं आणि अमेरिकेत चौथं, तिचंच 'द सबवे' २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं आणि अमेरिकेत तिसरं. यावरून लगेच अमेरिकेतल्या रेडिओवर खापर फोडायला मी काही बसले नाहीये, दोन देशांचे श्रोते वेगळे, समोरची गाणी वेगळी, शंभर कारणं असतात. पण संशय तर येणारच ना, आणि तो फेडायचा उपाय तुमच्याच हातात आहे. रेडिओवर काय वाजवायचं हे श्रोता ठरवत नाही, स्टेशनवरचा एक माणूस ठरवतो, त्याला जाहिरातदार सांभाळायचा असतो, सकाळी गाडीतून पोरांना शाळेत सोडणारे आईबाप सांभाळायचे असतात. त्याचं म्हणणं आणि त्या इअरफोनवाल्या पोरीचं म्हणणं तुम्ही एकाच भांड्यात घुसळून एक नंबर काढता. तर माझी मागणी साधी आहे, शंभरच्या शंभर गाण्यांसमोर तीन रकाने द्या. स्ट्रीममध्ये कितवं, विक्रीत कितवं, रेडिओवर कितवं. सुट्या याद्या तुम्ही काढता हे मला माहितीये, पण त्या वेगळ्या पानावर, अर्धवट, आणि बऱ्याच पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. मला एका ओळीत पाहिजे. एखादं गाणं स्ट्रीममध्ये ६ वं आणि रेडिओवर पहिल्या पन्नासातसुद्धा नाही असं एका नजरेत दिसलं की मग भाषण ठोकायची गरज नाही, स्टेशनवाल्यांना लोकच विचारतील.

आणि ते म्हाताऱ्या गाण्यांना बाहेर काढायचे नियम. वीस आठवडे झाले आणि गाणं पन्नासच्या खाली गेलं की हॉट १०० मधून बाहेर. ब्रिटनमध्ये काही आठवडे जुनं झालेलं गाणं सलग तीन आठवडे घसरलं की त्याच्या स्ट्रीमची किंमत निम्मी. नव्यांना जागा पाहिजे म्हणून करता, ठीक आहे, एड शीरन या गायकाने २०१७ मध्ये ब्रिटनच्या टॉप वीसमध्ये एकट्याने सोळा जागा अडवल्या तेव्हा काहीतरी करणं भागच होतं. पण मग तेव्हा केलेली एका कलाकाराची तीनच गाणी ही अट लोकांना माहीत आहे, ही निम्म्या किमतीची अट दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसते. गाणं धाडकन चाळीस नंबर खाली पडतं आणि चाहते आपसात भांडत बसतात, की तुम्ही ऐकलं नाहीत, तुम्ही विकत घेतलं नाहीत, लेबलने मुद्दाम केलं कारण ती ट्रान्स आहे. अहो, नियम लागू झाला एवढंच असतं! त्या ओळीसमोर एक छोटी खूण करा ना, की या आठवड्यापासून किंमत निम्मी. अर्धी भांडणं मिटतील, आणि उरलेल्या अर्ध्यांमध्ये खरंच भेदभाव असेल तर तो तरी दिसेल.

आता एक गोष्ट करू नका ती सांगते, कारण दरवर्षी जून आला की कुणाच्या तरी डोक्यात हा किडा वळवळतो, की एलजीबीटी कलाकारांचा वेगळा साप्ताहिक चार्ट काढू या. माझ्या ओळखीतल्या पण बऱ्याच जणांना ही कल्पना भारी वाटते. मला नाही वाटत. दर आठवड्याला नव्या क्वीअर गाण्यांची निवड तुमचे लेखक करतात, बिलबोर्डच्या प्राइड विभागात येते, ते उत्तम आहे, मी त्यातून कितीतरी नावं उचललीत. तिथे कुणीतरी ऐकून, आवडून, चार ओळी लिहून शिफारस करतं. पण त्याला नंबर लावायला गेलात की पहिला प्रश्न, यादीत कोण? मग कुणीतरी टेबलावर बसून ठरवणार की हा पुरेसा गे आहे का. पुरेसे गुण! परत तेच. लिल नॅस एक्सचे ३० जूनच्या आधीचे आठवडे कुठे टाकणार? जॉर्ज मायकलने तर गे असल्याचं १९९८ मध्ये सांगितलं, त्याची त्याआधीची सगळी एक नंबरं बाहेर ठेवावी लागतील. आणि ज्यांनी अजून सांगितलं नाही त्यांचं काय, चार्टमध्ये यायचं म्हणून सांगायचं? गायिका बिली आयलिशला २०२३ च्या डिसेंबरमध्ये एका पुरस्काराच्या कार्यक्रमात रेड कार्पेटवर यावरून प्रश्न विचारले गेले आणि नंतर तिने उघड नाराजी दाखवली की मला असं लोकांसमोर आणायची काय गरज होती. असले प्रश्न दर आठवड्याला फॉर्ममध्ये भरून घेणार का?

शिवाय वेगळं काढायची गरजच कुठे उरलीय. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये हॉट १०० वर स्टीव्ह लेसीचं 'बॅड हॅबिट' एक नंबरला होतं आणि त्याला खाली ढकललं कुणी, तर सॅम स्मिथ आणि किम पेट्रास यांच्या 'अनहोली'ने. नॉनबायनरी, म्हणजे स्वतःला बाई किंवा पुरुष अशा एका खणात न बसवणाऱ्या, म्हणून उघड असलेल्या आणि ट्रान्स म्हणून उघड असलेल्या कलाकाराचं त्या यादीतलं पहिलं एक नंबर, दोन्ही एकाच दिवशी एकाच गाण्यात. एका क्वीअर कलाकाराला दोन क्वीअर कलाकारांनी खाली ओढलं आणि बाकी कुणाला त्याचं विशेष काही वाटलं नाही. दहाच वर्षं आधी, २०१२ मध्ये, ॲडम लॅम्बर्टचा अल्बम आल्या आल्या बिलबोर्डच्या अल्बमच्या यादीत पहिला आला तर उघड गे असलेल्या कलाकाराचं असं पहिल्यांदाच झालं म्हणून सगळीकडे बातमी होती. मुख्य यादीत घुसायला एवढी वर्षं गेली आणि आता तुम्ही आम्हाला सजवलेली वेगळी खोली देणार, नको बाई.

जाता जाता आमच्या लोकांनाही दोन शब्द, हे पत्र तेही वाचणार आहेत म्हणून. रात्रभर आवाज बंद करून फोनवर गाणं चालू ठेवणं म्हणजे ऐकणं नाही. बिलबोर्डने २०२२ पासून एका माणसाचं आठवड्याला एकच डाउनलोड धरायचं ठरवलं ते तेच गाणं पुन्हा पुन्हा विकत घेणाऱ्या तुमच्यासारख्यांमुळेच. आणि शुक्रवारी दुपारी गाणं येतं न येतं तोच एखाद्या ट्रान्स गायिकेला "फ्लॉप" म्हणणारे पहिले आपलेच असतात, बाहेरचे तर अजून झोपलेले असतात.

तर चार्टवाल्यांनो, तीन रकाने, किंमत निम्मी झाल्याची खूण, आणि डीजेंना परत एकदा फोन. वजनं काय लावायची ती तुम्ही लावा, मी त्यात पडत नाही, फक्त लावायच्या आधीचा आकडा शेजारी छापा. यातलं क्लबचं काम सगळ्यात अवघड आहे हे मला कळतं, तेव्हा सुरुवात खुणेपासून केलीत तरी चालेल, तिला तर एक चांदणी पुरते. मंगळवारी बघते.

कळावे, लोभ असावा,

दर आठवड्याला शंभर नंबरापर्यंत खाली जाऊन वाचणारी तुमची एक श्रोती